38 किलो कुठून आणायचे?

एका वाचकाचं मोठं पत्र आलं आहे. गेली 6 वर्षं ते किट आणून दोन आसनांचं, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं विमान स्वतः बांधत आहेत. विमानाचं कमाल उड्डाण-वजन 600 किलो आहे. किट बनवणाऱ्यांच्या मते रिकामं विमान 340 किलोंच्या आसपास भरायला हवं. आतापर्यंत जोडलेलं आणि अजून जोडायचं धरून यांचा अंदाज 366 वर गेला आहे. त्यात भर म्हणून त्यांनी एक यादी केली आहे: अख्खं विमान खाली उतरवणारं पॅराशूट 14 किलो, दोन सर्वोंचा (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरींचा) ऑटोपायलट 4, दुसरा मोठा स्क्रीन वायरिंगसकट 2, दुसरी बॅटरी 5, चामड्याची आसनं आणि कार्पेट 6, आवाज अडवणारं अस्तर 3, मोठी चाकं आणि त्यांची आवरणं 4. एकूण 38 किलो.

पॅराशूटसाठी त्यांच्या पत्नीचा आग्रह आहे. एक मित्र म्हणतो, अटलांटिक एकट्यानं ओलांडताना वैमानिक लिंडबर्गनं तेही नेलं नव्हतं. दुसरा म्हणतो, एकेका किलोनं काय फरक पडतो, आणि पडलाच तर कागदावर 600 चे 620 कर. ते विचारतात, "यातलं काय ठेवू आणि काय काढू? शेपटीकडचा पत्रा कायमचा बंद करायची वेळ आली आहे. आता नाही बसवलं तर कधीच बसवता येणार नाही, असं वाटतं. आणि सुरक्षिततेच्या वस्तूंवर वजनाची कंजुषी करणं मनाला पटत नाही."

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रासोबतचा तक्ता मी दोनदा वाचला. प्रत्येक वस्तूपुढे तुम्ही किलो लिहिलेत, किंमत लिहिलीत, ती कशासाठी हवी तेही लिहिलंत. एक रकाना मात्र राहून गेला: ते किलो कोणाकडून घेणार? विमानाची वरची मर्यादा ठरलेली आहे. तिच्याखाली चारच जण वाटेकरी असतात. रिकामं विमान, माणसं, सामान आणि इंधन. एकानं जास्त घेतलं की दुसऱ्याचं कमी होतं. माणसं कमी होत नाहीत, सामान थोडंफार होतं, त्यामुळे बहुतेक वेळा बिल इंधनाच्या नावावर फाटतं.

तुमचेच आकडे घेऊ. 600 मधून 366 गेले, उरले 234. तुम्ही 84 किलो, पत्नी 66, सामान 12, म्हणजे 162. राहिले 72 किलो. पेट्रोलचं वजन लिटरला साधारण 0.72 किलो असतं, तेव्हा 72 किलो म्हणजे बरोबर 100 लिटर, आणि तुमची टाकी 100 लिटरचीच आहे. आज यादीतली एकही वस्तू न घेता तुम्ही दोघं टाकी भरून निघू शकता. तासाला 20 लिटर धरले तर 5 तास.

आता यादी चढवा. 72 मधून 38 गेले की 34 किलो राहतात. म्हणजे 47 लिटर, सव्वादोन तासांपेक्षा थोडंसं जास्त. त्यातली पाऊण तासाची राखीव बाजूला ठेवायची, चढताना जास्त जळतं ते धरायचं. हाती दीड तास उरतो. टाकी शंभराचीच राहील, पण दोघं बसलात तर ती अर्ध्यावर आणून थांबावं लागेल.

हे वाचून तुमच्या मनात येईल की बहुतेक वेळा मी एकटाच उडणार. येऊ दे, कारण मला तिथेच यायचं आहे.

तुमच्या मित्रानं लिंडबर्गचं उदाहरण दिलं. ते खरं आहे. 1927 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून पॅरिसला निघताना त्यानं रेडिओ घेतला नाही, पॅराशूट घेतलं नाही, बसायला वेताची खुर्ची ठेवली आणि नकाशांच्या नको त्या कडासुद्धा कापून टाकल्या. ती सगळी बचत त्यानं इंधनाला दिली. पण त्याला हे जमलं, कारण ते विमान एकाच उड्डाणासाठी बांधलं होतं, साडेतेहतीस तासांच्या, तेही एकट्याच्या, आणि ते त्याला आधीपासून माहीत होतं. त्याची यादी उचलून तुम्हाला उपयोग नाही. त्यानं यादी कशी ठरवली, ते घेण्यासारखं आहे: आधी उड्डाण ठरलं, मग सामान.

तुमचं उड्डाण कोणतं? पत्रात ते कुठेच नाही. रात्री उडायचं आहे का, ढगांतून जायचं आहे का, गवताच्या आखूड धावपट्टीवर उतरायचं आहे का, काही नाही. यादी मात्र या सगळ्यांसाठी आहे. कृपया हे करा: गेल्या दोन वर्षांत भाड्याच्या किंवा क्लबच्या विमानातून जी उड्डाणं केलीत, ती लॉगबुकातून काढा. किती तासांची, किती जणांची, कुठल्या धावपट्टीवरची, दिवसाची की रात्रीची, एवढंच लिहा. सहा वर्षं शेडमध्ये रिव्हेट ठोकताना माणूस मनात ज्या विमानानं उडत असतो, ते आणि लॉगबुकातलं विमान यांत अंतर पडतं. मी अनेकांच्या बाबतीत हे पाहिलं आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्या स्वप्नावरच तर एवढी वर्षं काम होतं. पण वजन काट्यावर जे भरतं ते लॉगबुकातल्या विमानाचं भरतं.

आता "सुरक्षिततेच्या वस्तूंवर कंजुषी नको" या तुमच्या वाक्याबद्दल. त्यामागची काळजी मला मान्य आहे, पण त्यातलं एक गृहीतक तपासायला हवं. कमी वजन ही स्वतःच सुरक्षिततेची गोष्ट आहे. ढोबळ नियम असा की वजन 10 टक्के वाढलं की स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाही) 5 टक्क्यांनी वाढतो आणि उड्डाणाला लागणारी धाव सुमारे 20 टक्क्यांनी लांबते. उतरतानाची धावही 10 टक्क्यांनी वाढते. चढण्याचा वेग तर आणखी झपाट्यानं पडतो, कारण विमान चढतं ते उरलेल्या ताकदीवर. सरळ उडायला लागते तेवढी ताकद आधी जाते, जी शिल्लक राहते तिच्यावर चढायचं. जड विमानात सरळ उडायलाच जास्त लागते आणि त्या उरलेल्या छोट्या हिश्श्याला मोठी कात्री लागते. त्यात उन्हाळ्याची दुपार आणि उंचावरची धावपट्टी आली की पट्टीच्या टोकाची झाडं तुम्हाला पत्र्यावरच्या प्रत्येक किलोची आठवण करून देतील. इंजिन बंद पडलं तर हलकं विमान कमी वेगानं जमिनीला टेकतं, आणि धक्क्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढत जाते. म्हणून दुसरा स्क्रीन ही सुरक्षितता आणि दोन किलो वाचवणं ही हौस, अशी वाटणी करू नका. दोन्ही एकाच ताजव्यात घाला.

कागदावर 620 करण्याचा सल्ला मात्र कृपया घेऊ नका. काही देशांत बांधणाऱ्याला स्वतः कमाल वजन जाहीर करता येतं हे खरं. पण ज्या स्पारवर, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईवर, पंख उभा आहे, त्याला तुमचा कागद वाचता येत नाही. समजा आराखडा 600 किलोंना 4 जी, म्हणजे वजनाच्या चौपट भार, सोसायला केला आहे. म्हणजे तो पंख 2,400 किलोंचा भार पेलतो. तेच विमान 620 चं झालं की तेवढ्याच भाराला 3.87 जी होतात. आकडा लहान दिसतो. वर दीडपट राखीव ताकद आहेच, असंही मित्र म्हणेल. ती दीडपट राखीव आराखडा करणाऱ्यानं वेगळ्या कारणांसाठी ठेवली आहे: धातूच्या एका तुकड्यात आणि दुसऱ्यात पडणारा फरक, वर्षानुवर्षांचा थकवा, हिशेबाबाहेरचा एखादा झोत, आणि माझ्या-तुमच्या हातून वाकडी बसलेली एखादी रिव्हेट. ती आधीच खर्ची पडलेली आहे, ती तुमची शिल्लक नाही. शिवाय तुमची सगळी वाढ विमानाच्या धडात आहे. पंखातलं इंधन पंखाच्या उचलीला तिथल्या तिथे दाबून धरतं. धडातलं वजन मात्र पंखाच्या मुळाशी वाकवण्याचा ताण वाढवतं. म्हणजे इंधन कमी करून उपकरणं वाढवली आणि एकूण 600 च ठेवलं, तरी स्पारला ते सारखं नसतं. किटच्या पुस्तकात इंधन सोडून कमाल वजनाचा वेगळा आकडा दिला असेल तर तो आजच शोधून तक्त्यात लिहा.

आणि 620 करण्याआधी एवढंच पाहा की पॅराशूटवरही कमाल वजन आणि कमाल वेग छापलेला असतो. ज्या वस्तूसाठी वजन वाढवायचं, तिचीच हमी त्यानं जाईल.

किलोइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे ते किलो बसतात कुठे. तुमच्या तक्त्यात तेही नाही. शेपटीतल्या सर्वोचंच पाहा. कंस, केबल, स्क्रू धरून 2 किलो, गुरुत्वमध्याच्या 2.8 मीटर मागे. त्याचा मागे ओढणारा आघूर्ण, म्हणजे वजन गुणिले अंतर, 5.6 किलो-मीटर. तो पुढून भरून काढायचा तर फायरवॉलपाशी (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीपाशी), म्हणजे 1.1 मीटर पुढे, 5 किलो लागतील. मागे 2 ठेवलेत आणि पुढे 5 शिसं, तर दोनाचे सात झाले आणि त्यातले पाच काहीच काम करत नाहीत. असं शिसं नाकात घेऊन फिरणारी विमानं मी पाहिली आहेत. बांधणाऱ्यानं प्रत्येक वेळी "फक्त दोन किलो" म्हटलेलं असतं.

उलट्या बाजूनं, जागा बदलून फुकटात समतोल मिळतो. तुमची 6 किलोंची मुख्य बॅटरी आसनांच्या दीड मीटर मागे आहे. ती फायरवॉलवर आणलीत तर अडीच मीटर सरकली, 15 किलो-मीटर मिळाले. तुमचं 14 किलोंचं पॅराशूट सामानाच्या कप्प्यामागे, गुरुत्वमध्याच्या साधारण एक मीटर मागे बसणार, त्याचे 14. दोन्ही जवळजवळ फिटतात. शिसं लागणार नाही. फक्त केबलची लांबी आणि इंजिनाकडची उष्णता पाहून घ्या. आणि हलकी लिथियम बॅटरी घ्यायचा विचार असेल तर जरा थांबा. ती 4 किलो वाचवते, पण नाकातून वाचवते. नाक हलकं झालं की गुरुत्वमध्य मागे सरकतो. मागे गेलेला गुरुत्वमध्य घातक असतो: विमान सुकाणूच्या दांड्याला फार चटकन उत्तर देतं, स्टॉलमधून नाक खाली यायला वेळ लावतं, आणि गिरकीत अडकलं तर बाहेर येईलच असं नाही. तुमच्यासारख्या विमानात पुढच्या आणि मागच्या मर्यादेत मोजून काही सेंटीमीटरांचं अंतर असतं. म्हणून हिशेब दोन वेळचा करा, टाकी भरलेली असतानाचा आणि टाकी संपत आलेली असतानाचा. टाकी गुरुत्वमध्याच्या पुढे असेल तर इंधन जळत जाईल तसा तो मागे येतो. निघताना बरोबर असलेलं विमान पोहोचताना बरोबर असेल असं नाही.

आता यादीकडे येतो. माझं मत स्पष्ट सांगतो, निर्णय तुमचा.

पॅराशूट ठेवा. त्याला कारण पत्नीचा आग्रह आहे, आणि तो आग्रह मला किलोंइतकाच खरा वाटतो. शेजारच्या आसनावर त्या बसणार आहेत. तुम्हाला काही झालं तर त्यांच्या हाती उपाय काय, हा त्यांचा प्रश्न आहे आणि यादीतली दुसरी कुठलीच वस्तू त्याचं उत्तर देत नाही. मात्र दोघांनी मिळून त्याच्या मर्यादाही वाचा. फार खाली असताना ते उघडायला उंची उरत नाही. ठरावीक काळानं ते घडी घालायला परत द्यावं लागतं, ते बाहेर ओढणारं रॉकेट बदलावं लागतं. त्याचे पट्टे विमानाच्या मजबूत सांगाड्याला बांधायचे असतात आणि त्यांचा मार्ग पत्रा बंद होण्याआधीच ठरतो. म्हणजे तुमच्या यादीत "आता किंवा कधीच नाही" ही अट खऱ्या अर्थानं याच एका वस्तूला लागू आहे. ते किटच्या आराखड्यात असेल तसंच बसवा, स्वतःच्या डोक्यानं नको.

ऑटोपायलटचं असं करा. एकच सर्वो आता बसवा, आडवं झुकणं सांभाळणारा. तो पंखाच्या मुळाशी, गुरुत्वमध्याजवळ बसतो, समतोल बिघडवत नाही, आणि नकाशा बघताना किंवा चुकून ढगात शिरल्यावर पंख समतल ठेवायचं मुख्य काम तोच करतो. कंट्रोलरसकट 2 किलो धरा. शेपटीतल्या दुसऱ्यासाठी फक्त कंसाची भोकं आणि तपासणीचं झाकण ठेवा. काही ग्रॅममध्ये दार उघडं राहतं. पुढेमागे लागलाच तर त्या झाकणातून बसेल.

दुसरा मोठा स्क्रीन आणि दुसरी बॅटरी या दोन्हींमागे एकच भीती आहे: वीज गेली तर? त्या भीतीला 7 किलो लागत नाहीत. स्वतःची छोटी बॅटरी असलेलं एक लहान उपकरण घ्या, जे वेग, उंची आणि क्षितिज दाखवेल, आणि मुख्य स्क्रीनला त्याची स्वतःची राखीव बॅटरी जोडा. सगळं मिळून एका किलोत होतं. दोन स्क्रीन एकाच तारेवर असतील तर त्या तारेबरोबर दोन्ही जातात, हेही लक्षात घ्या.

चामडं नको. कापडी आसन दीड किलोत होतं. त्याचा फोम आणि कापड पेट न घेणारं आहे ना, ते मात्र तुकडा जाळून बघा, शेडच्या बाहेर. अस्तराऐवजी आवाज मारणारे हेडसेट घ्या, ते कानापाशी काम करतात आणि त्यांचं वजन तुमच्या डोक्यावर असतंच. मोठी चाकं आणि आवरणं पहिल्या 50 तासांत लावूच नका. तोवर तुम्हाला कळलेलं असेल की तुम्ही गवतावर किती वेळा उतरता.

बेरीज करा: 14, 2, 1 आणि 1.5. साडेअठरा किलो. 72 मधून ते वजा करता 53.5 किलो, म्हणजे 74 लिटर, म्हणजे राखीव सोडून जवळपास तीन तास, दोघांसह, सामानासह, पॅराशूटसह. मला हे विमान चांगलं वाटतं.

पण मला जास्त खुपतात ते 26 किलो, ज्यांच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही. 340 चे 366 यादीच्या आधीच झाले आहेत. त्यांना नाव नाही, म्हणून त्यांच्याबद्दल वाद झाला नाही. पत्रात तुम्ही सहज लिहिलंत की प्रत्येक पत्र्याला आतून दोन हात प्रायमर दिला आणि बाहेरून तीन हात रंग, वर पॉलिश केलेला थर द्यायचा आहे. तिथे शोधा.

माझ्या पहिल्या विमानाचं वजन करायचा दिवस मला आठवतो. शेडची दारं बंद केली, वारा नको म्हणून. तीन काटे, एकेका चाकाखाली एक. शेपटीचं चाक घोडीवर उचलून घेतलं, दरवाजाच्या चौकटीवर लेव्हल ठेवली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत खाली पातळ फळ्या सरकवत राहिलो. तिन्ही काट्यांची बेरीज अंदाजापेक्षा 11 किलो जास्त आली. मी पुन्हा उचललं, पुन्हा टेकवलं, पुन्हा तेवढीच. त्या संध्याकाळी टॉर्च घेऊन शेपटीच्या पोकळीत शिरलो. पॅनेलमागे गुंडाळी करून बांधलेल्या जादा तारा होत्या, नटबाहेर तीन-तीन आटे निघालेले बोल्ट होते, बदललेल्या अँटेनाचा जुना कंस तसाच होता, फ्रेमच्या कोपऱ्यात रिव्हेटच्या दांड्या साचल्या होत्या. सगळं एका कापडी पिशवीत भरलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. 2 किलो 300 ग्रॅम. ती पिशवी अजून शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. कुठलाही नवा भाग हातात घेतला की माझी नजर आधी तिच्याकडे जाते.

म्हणून आजपासून एक वही ठेवा. विमानात जाणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर, मग जागेवर. वजन, जागा, तारीख. काढलेली वस्तूही लिहा. पत्रा बंद करण्याआधी टॉर्च घेऊन आत जा. रंगाआधी एकदा आणि रंगानंतर एकदा वजन करा, तेव्हा रंग किती किलोंचा झाला ते कळेल. हाच क्रम पत्र्याऐवजी लाकडाचं, कापडाचं किंवा काचतंतूचं विमान बांधणाऱ्यांनाही लागू पडतो. काचतंतूवाल्यांनी तर रेझिनचा प्रत्येक वाडगा तोलावा, तिथे वजन न दिसता वाढतं.

आणि निर्णयाआधी एक प्रयोग. तुमच्या विमानासारखंच एखादं दोन आसनी, ज्याच्या मर्यादेत जागा आहे, ते घ्या. शेजारी प्रशिक्षक बसू दे. आधी नेहमीच्या वजनानं उड्डाण करा आणि धाव किती लागली ते पट्टीच्या कडेच्या खुणेवर पाहून ठेवा. मग 19-19 लिटरचे पाण्याचे दोन कॅन सामानाच्या कप्प्यात पट्ट्यांनी घट्ट बांधा. मात्र कप्प्याची मर्यादा आणि गुरुत्वमध्य आधी कागदावर तपासा. बसत नसतील तर कमी पाणी घ्या. त्याच दुपारी, त्याच पट्टीवरून पुन्हा उडा. चाकं कुठे सुटली, झाडांवरून किती उंचीनं गेलात, दांड्याला हात कसा लागला, हे लक्षात ठेवा. जमलं तर पत्नीला पट्टीच्या कडेला उभं राहून दोन्ही उड्डाणं बघू दे. नंतर दोघं बसून तक्ता पुन्हा वाचा.

रंगाआधीचा काट्यावरचा आकडा मला कळवा. तो 355 च्या आत आला तर मागच्या सर्वोबद्दल पुन्हा बोलू.